गरुडाची फ्लॉपी मयूरला चालत नाही

१ नोव्हेंबर १९८७, सौंसर

दिवाळी झाली, फराळ संपला, भांडण तेवढं शिल्लक आहे. ते माझ्या वाट्याला आलं.

आमच्या जाम-कन्हान संत्रा उत्पादक सहकारी संस्थेत कॉम्प्युटर आला, हे आता लोधीखेड्याच्या पानठेल्यापर्यंत सर्वांना माहीत आहे. एक नव्हे, दोन आले. पांढुर्ण्याला अध्यक्ष नत्थूजींनी 'गरुड' घेतला. मग सौंसरला उपाध्यक्ष रघुनाथराव मागे कसे राहतील? त्यांनी दुसऱ्या कंपनीचा 'मयूर' घेतला. दोन्हीकडचे एजंट येऊन शपथेवर सांगून गेले की मशीन शंभर टक्के कंपॅटिबल आहे, एकाचं काम दुसऱ्यावर चालते. कोणत्या दुसऱ्यावर, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मी संस्थेचा व्यवस्थापक, मलाही सुचलं नाही. मी समोसा खाऊन राहिलो होतो.

हे दोघं नुसते अध्यक्ष-उपाध्यक्ष असते तर मी निभावून नेलं असतं. पण ते व्याही आहेत. रघुनाथरावांची सरला मे महिन्यात नत्थूजींच्या दिलीपला दिली. पहिल्या दिवाळसणाला जवाई आला, सोबत नत्थूजीही आले, अन् ताटावर बसल्या बसल्या मयूरकडे पाहून म्हणाले, "ईवाई, हा रेडिओ कधी घेतला?" रघुनाथरावांनी हातातली पुरी खाली ठेवली. पुढचं लिहीत नाही. एवढंच की नत्थूजी दिलीपला भरल्या ताटावरून उठवून घेऊन गेले अन् सरला माहेरी राहिली.

आता रघुनाथराव म्हणतात, "रीत हाये. सासरचे घ्यायले येतीन तवा लेक जाईन." नत्थूजी म्हणतात, "ज्यानं अपमान केला त्यानं पोचवून द्यावं." दोघांचंही बरोबर आहे, असं मी दोघांनाही सांगितलं. नोकरी अशीच टिकते.

४ नोव्हेंबर

पांढुर्ण्याहून पहिली फ्लॉपी आली, तिकडच्या सभासदांची यादी भरलेली. काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ. आमच्या ऑफिसच्या बाजूला जिनिंग आहे, रुई उडते, म्हणून मयूर रघुनाथरावांच्या घरी समोरच्या खोलीत बसवला आहे, एसी लावून. चपला बाहेर काढाव्या लागतात. मी विहारातच चपला काढणारा माणूस. आता मयूरलाही तो मान आहे.

मयूर चालवते सरला. बी.एस्सी. झाली आहे, नागपूरला कोर्स केला आहे. तिकडे गरुड दिलीप चालवतो. सर्व घरच्या घरी. सहकार सहकार म्हणतात तो हाच.

सरलानं फ्लॉपी घातली. मयूरनं गिळली, घरघर केली, अन् पडद्यावर लिहिलं, 'रीड एरर'. आमची फ्लॉपी पांढुर्ण्याला पाठवली तर गरुडानंही तेच लिहिलं. म्हणजे एका बाबतीत दोघांचं जुळते.

चहा आला. रघुनाथरावांकडे माझा कप वेगळा असतो, खिडकीत ठेवलेला, दांडी तुटकी. "मॅनेजरसाठी खास," म्हणतात. मशीन बरं. फ्लॉपी कोणाचीही तोंडात घेते. फक्त वाचत नाही.

१० नोव्हेंबर

दोन्ही एजंटांना फोन केला. गरुडवाला म्हणतो, आमचं मशीन सर्वांशी कंपॅटिबल आहे, मयूर सोडून. मयूरवाला म्हणतो, आम्ही कंपॅटिबलच आहोत, त्यांनी व्हायला पाहिजे. हा माणूस आमच्या संस्थेचा संचालक शोभला असता.

गंमत जाऊ द्या, काम अडलं आहे. दोन्ही शाखांच्या सभासदांची एकच यादी पाहिजे, म्हणजे कोणाच्या बागेचा माल कोणत्या गाडीत भरायचा ते ठरेल. दहा जानेवारीला आमसभा आहे. तोवर यादी जमली नाही तर संस्थेच्या दोन संस्था करायच्या, यावर दोन्ही व्याह्यांचं एकमत आहे. मे महिन्यानंतरचं पहिलं एकमत.

घरी सांगितलं तर सुशीला म्हणे, "संस्था दोन झाल्या तं त्या पोरीले कोण विचारन? हा एकच धागा उरला हाये दोन घरात." बायकोला मी संस्थेचं सांगतो, ती मला पोरीचं सांगते.

१४ नोव्हेंबर, शनिवार

उपाय निघाला. गरुडावरची यादी कागदावर छापायची, कागद बसनं इकडे आणायचा, अन् मयूरवर पुन्हा टाइप करायची. एकविसावं शतक येऊन राहिलं म्हणतात, ते आमच्याकडे पांढुर्ण्याच्या बसनं येणार आहे.

कागद घेऊन दिलीप आला. नत्थूजींनीच पाठवला, "ऑफिसचं काम हाये, सासुरवाडीले चाललो असं समजू नको," असं बजावून. मी म्हटलं, कागद ठेव अन् परतीच्या गाडीनं जा. तर म्हणे, "रिबन वाळली साहेब. अक्षरं पुसट आली. वाचून द्यावं लागन." मी चष्मा लावून पाहिलं, मला तर स्वच्छ दिसलं. म्हटलं असेल बाप्पा, मशीनची अक्षरं वेगळी पुसट होत असतील.

दोघं खोलीत बसले, दार लावून. दार उघडं राहिलं तर एसी वाया जातो. संध्याकाळपर्यंत एक पान झालं. एक! पांढुर्ण्याचा चपराशी श्रावण बिडी पीत पीत याच्यापेक्षा जास्त लिहितो.

२१ नोव्हेंबर, शनिवार

दिलीप पुन्हा आला. मागच्या पानात इतक्या चुका निघाल्या की तेच पान पुन्हा करावं लागलं. लोधीखेड्याचे सभासद पांढुर्ण्यात गेले, पांढुर्ण्याचे जामसावळीत. गुणवंता कोहळे तर दोन्ही गावांत राहतो. सरलाला विचारलं, "बाई, हे काय?" तर म्हणे, "मयूर करते काका असं, आपल्या मनानं."

मनानं करते! विज्ञानाची पदवी आहे या पोरीकडे.

२८ नोव्हेंबर, शनिवार

आज कहर झाला. दिलीप म्हणे, "साहेब, फ्लॉपी जामसावळीच्या मारुतीच्या पायी लावून आणतो. मंग वाचन मशीन." मी म्हटलं, अरे भैताडा, तिथली मूर्तीच आडवी, मारुतीराय झोपलेले आहेत, त्यांना कशाला उठवतोस? पण रघुनाथरावांना पटलं. फ्लॉपी गरुडाची, पण वाचायची मयूरनं, अन् मयूरची जबाबदारी सरलाची, म्हणून सरलाही गेली. तिच्या आईनं, कलाबाईंनी, डबा बांधून दिला. पुरी, भाजी, शिरा. एका फ्लॉपीच्या दर्शनासाठी शिरा!

दिवस मावळता आले. फ्लॉपीला शेंदूर लागलेला. मयूरचं तोंड शेंदरानं माखलं, ते पुसायला त्यांना आणखी एक तास लागला. वाचलं तर काहीच नाही.

घरी सुशीला हसत सुटली. म्हटलं, कायले हासते? "काही नाही जी. फ्लॉपीचं नशीब पाहून हासली." बायकांना तांत्रिक अडचणीचं गांभीर्य नसते.

५ डिसेंबर, शनिवार

शेवटी नागपूरहून मुकुंदला बोलावलं. हा कोणत्याच कंपनीचा नाही, सर्वांची मशीनं खोलून बसतो. आजवर भेटलेल्यांत हाच एक शहाणा. त्यानं दोन उपाय सांगितले. एक, दोन्ही मशीन एका टेबलावर ठेवा अन् मागून केबलनं जोडा, यादी इकडची तिकडे जाईल. दोन, एक प्रोग्राम आहे फ्लॉपीवर, तो गरुडाला मयूरची लिपी वाचायला शिकवतो. चालला तर चालला.

केबल सोपी वाटली. रघुनाथरावांना विचारलं, मयूर पांढुर्ण्याला पोचवू का? "आमीच पोचवून द्यावं? काऊन? पोरीवाले हाओ म्हणून?" पांढुर्ण्याला ट्रंककॉल लावला. नत्थूजी तिकडून ओरडले, "माहा गरुड त्याच्या दारी जाईन? दुबारा वरात काढू काय?" मी फोन ठेवला. मुकुंद म्हणे, "मी तर नुसतं तारेचं बोललो, साहेब." त्याला कसं सांगू, आमच्याकडे तारेचं पहिलं टोक कोणी धरायचं यावर पिढ्या जातात.

मग प्रोग्राम बसवायला मुकुंद दिलीपसोबत पांढुर्ण्याला गेला, तिथून रेल्वेनं नागपूरला जाईल. उद्या सहा तारीख आहे, विहारात सकाळीच जायचं. मशीनचं नाव काढणाऱ्याला मी उद्या ओळखत नाही.

१२ डिसेंबर, शनिवार

दिलीप आला. "नाही चालत साहेब." मुकुंदची फ्लॉपी माझ्या हाती परत दिली. अन् नवीन कागद काढून खोलीत गेला. चेहऱ्यावर दुःख म्हणून दिसलं नाही. आजकालची पोरं फार लवकर हार मानतात.

मुकुंदला शहाणा म्हटलं होतं ते मागे घेतो.

१९ डिसेंबर, शनिवार

बाहेर कडाक्याची थंडी, अन् आत एसी सुरू. सरलानं शाल गुंडाळलेली, दिलीपनं स्वेटर अन् मफलर. मी म्हटलं, बंद करा रे तो. दोघं एकदमच म्हणाले, "मशीनले लागते!" दार पुन्हा लागलं. आतून हसण्याचा आवाज आला. सभासदांच्या यादीत हसण्यासारखं काय आहे ते मी घरी येऊन वाचून पाहिलं. काही सापडलं नाही.

सुशीला म्हणे, "तुमी लगन झाल्यावर मले कधी यादी वाचून दाखवली होती काय?" म्हटलं, तेव्हा कॉम्प्युटर कुठे होता?

२६ डिसेंबर, शनिवार

कागद घेऊन दिलीप आला नाही, श्रावण आला. पाठोपाठ नत्थूजींचा फोन. "जवाई दर हप्त्याले सासुरवाडीत पडून ऱ्हायते, गाव हासून राह्यलं मॅनेजर. आता हा शेवटचा कागद, बाकीचे पाठवत नाही. पुढचं आमसभेत पाहू."

सरलानं श्रावणला विचारलं, "एकटेच आले काय, श्रावणभाऊ?" तो म्हणे, हो. तिनं कागद घेतला अन् जेवणाच्या आधी पूर्ण टाइप करून माझ्या हाती ठेवला. वाचून द्यायला कोणी नव्हतं तरी. एकही चूक नाही. मला काही समजलं नाही. आजच रिबन ओली झाली काय?

डोळे लाल दिसले तिचे. एसीचा परिणाम. कलाबाई म्हणाल्या, जेवलीच नाही. दारापर्यंत आल्या अन् हळूच म्हणाल्या, "पहिली संक्रांत आली भाऊ. सासरी हलव्याचे दागिने घालतेत पोरीले. हे दोघं बुढे समजत नाहीत." म्हटलं, होईल ठीक.

२ जानेवारी १९८८

नागपूरला गेलो, मुकुंदची फ्लॉपी त्याच्या टेबलावर आपटायला. आपटली. म्हटलं, हे घे तुझं विज्ञान.

त्यानं फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. "साहेब, हे तर पहिल्याच दिवशी चाललं. माझ्यासमोर. दिलीपभाऊंनी स्वतः चालवलं. तुमची सौंसरची फ्लॉपी गरुडानं झरझर वाचली." त्या दिवशी वाचलेली यादी त्यानं याच फ्लॉपीवर उतरवली होती, ती आपल्या मशीनवर लावून दाखवली. आमची यादी सर्रकन पडद्यावर आली. दोन गावांत राहणाऱ्या गुणवंतासकट.

परतीच्या बसमध्ये सावनेरपर्यंत मी नुसता धुमसत होतो. मला, शालिकरामला, भैताड बनवलं! ती वाळलेली रिबन. तो शेंदूर. मफलर बांधून एसी! मी प्रत्येक शनिवारी बाहेर खुर्ची टाकून बसलो, त्यांच्या दाराचा राखणदार. अन् सुशीला हसत होती, कलाबाई शिरा करत होत्या, म्हणजे गावभर सर्वांना माहीत, एक मॅनेजर सोडून.

उद्या जातो अन् त्या पोरीला चांगलं फैलावर घेतो.

३ जानेवारी

गेलो. रघुनाथराव बागेत होते. सरला मशीनवरची धूळ पुसत होती. फ्लॉपी तिच्यासमोर धरली अन् म्हटलं, "नागपूरला जाऊन आलो."

तिनं लपवलं नाही. म्हणाली, "काका, सासरे घ्यायले येत नाहीत अन् बाबा पाठवत नाहीत. हे बापापुढे तोंड उघडत नाहीत. मशीननं वाचलं असतं तं हे कायले आले असते? मले दुसरं काही सुचलं नाही." अन् रडायला लागली. मोठ्यानं नाही. पदर तोंडात धरून, आत आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी घरून बरंच काही पाठ करून गेलो होतो. "चुका तरी कमी करायच्या होत्या, बाई," म्हटलं, अन् चपला घालून निघालो. उलट्या घातल्या हे चौकात समजलं.

सुशीलाला सांगितलं. ती भाकर थापत होती. "तुमाले आज समजलं?" एवढंच म्हणे. मग भाकर तव्यावर टाकून, "आता का करता?"

मला माहीत नाही. फ्लॉपी दाखवली तर यादी होते, संस्था वाचते, माझं नाव होते. अन् दोघांचं खोटं उघडं पडते. नत्थूजी मग त्या पोरीला दारात उभं करणार नाहीत. नाही दाखवली तर दोन संस्था, दोन गावं, संपलं. छान. पगार मला संत्री मोजायचा मिळतो.

१० जानेवारी

आमसभा झाली. पांढुर्ण्याला, गोदामात. नत्थूजींनी भर सभेत विचारलं, "मॅनेजर, यादी?" दिलीप भिंतीला टेकून उभा होता, चेहरा चुन्यासारखा. सरलानं त्याला कळवलं असावं.

मी उठलो. म्हटलं, "यादी झाली नाही. मुकुंदचा प्रोग्राम चालत नाही. दिलीपनं सांगितलं ते खरं आहे." आयुष्यात इतकं स्वच्छ खोटं मी पहिल्यांदा बोललो, अन् आवाज जरा हलला नाही. "आता एकच उपाय. दोन्ही मशीन कायमची एका टेबलावर पाहिजेत, केबल लावून. अन् ती पांढुर्ण्यालाच, कारण माल इथून रेल्वेत चढते."

रघुनाथराव उभे राहिले. "मी मशीन पोचवून देणार नाही. लिहून घ्या."

"नका पोचवू," म्हटलं. "मशीन संस्थेचं आहे. संस्थेच्या अध्यक्षांनी येऊन न्यावं."

नत्थूजी तडकले, "मी त्याच्या दारी जाऊ?"

"व्याह्याच्या दारी कोण म्हणते, जी? सरकारी अनुदानाचं मशीन आहे. ते दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं अन् आपटलं तर अध्यक्षालाच विचारतील. अन् मयूर चालवणारी बाई एकच आहे सगळ्या तालुक्यात. मशीन जिथं, ती तिथं. तिला नोकरीवर ठेवलं आहे, सुनेचा प्रश्न सभेपुढे नाही."

मागून कोणीतरी हसलं. नत्थूजींनी मिशी चावली. रघुनाथरावांनी छताकडे पाहिलं. मला वाटलं आता दोघं मिळून मला मारतील, निदान तेवढी एकी होईल. पण ठराव पास झाला, दोन संस्थांचा विषय मागे पडला. दुसराही एक पास झाला, व्यवस्थापकाच्या अकार्यक्षमतेबद्दल तीव्र नाराजीचा. एकमतानं. सूचक नत्थूजी, अनुमोदक रघुनाथराव. बरं वाटलं मला. इथं कोण वाचते, म्हणून लिहून टाकतो, फार बरं वाटलं.

१३ जानेवारी

नत्थूजी ट्रक घेऊन सौंसरला आले. दिलीप मागे गाद्या टाकून बसलेला, मशीनला धक्का लागू नये म्हणून. नत्थूजी दारातच उभे राहिले. "मी मशीनसाठी आलो," मोठ्यानं म्हणाले, गल्लीला ऐकू जाईल असं.

रघुनाथराव आतून बाहेर आले. "आले ना घ्यायले?" म्हणाले.

"मशीनले."

"आले तं खरं."

दोघांचेही चेहरे जिंकल्यासारखे. मग कलाबाईंनी पायांवर पाणी घातलं तर नत्थूजींना आत यावंच लागलं. घरात धावपळ. मयूरला जुन्या लुगड्यात गुंडाळलं. कलाबाईंनी सरलाची ओटी भरली, अन् तोच हात पुढे करून मयूरच्या पडद्यालाही कुंकू लावलं. मी म्हटलं, बाई, काच आहे. "असू द्या भाऊ," म्हणाल्या, "तोही घरचाच." घाईत मला चहा कोणत्या कपात दिला ते त्यांच्या लक्षात आलं नाही. दांडी होती त्याला. मी सावकाश प्यायलो.

सरला ट्रकमध्ये चढताना रघुनाथराव विजेची वायर गुंडाळत होते. गुंडाळून झाली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "एसी वेळेवर लावत जा," एवढंच त्यांना म्हणता आलं. ट्रक वळला तेव्हा ते आत जाऊन रिकाम्या टेबलासमोर बसले. मी सोबत बसलो. मी चपला घालूनच आत गेलो होतो, कोणी काही म्हटलं नाही.

१७ जानेवारी

पांढुर्ण्याला जाऊन आलो. दोन्ही मशीन एका टेबलावर, समोर दोन खुर्च्या. यादी एका दुपारीच झाली म्हणे. नत्थूजी मला ओसरीवरच धरून म्हणाले, "पाहा मॅनेजर, गरुड होता म्हणून जमलं." सकाळी सौंसरला रघुनाथराव म्हणाले होते, मयूर होता म्हणून. दोघांनाही मी हो म्हटलं.

आत सरला होती. गळ्यात अन् हातात हलव्याचे दागिने, सण होऊन गेला तरी घातलेले. आमच्याकडे संक्रांत नाही, पण तिळगुळाला नाही म्हणणारा मी कोण? तिनं हातावर ठेवला. मग आवाज खाली करून म्हणाली, "काका, मुकुंदभाऊची ती फ्लॉपी... तुमच्यापाशीच हाये ना?"

"कोणती फ्लॉपी?" म्हटलं.

ती हसली. मागे दिलीप केबल हातात घेऊन उगाच तिचं टोक तपासत होता, मान वर करायची हिंमत नव्हती त्याला. सरलानं सुशीलासाठी आणखी एक लाडू कागदात बांधून दिला. कागद त्या यादीचाच होता, अक्षरं चांगली ठळक.

घरी आलो तर सुशीला दारातच. "जुळलं काय जी?"

"कोणाचं? मशीनचं?"

"मशीनचं कोण विचारून राह्यलं?"

"जुळलं," म्हटलं, अन् लाडू तिच्या हातावर ठेवला.